बारीक जावेचा उपवास जाड जावेने करू नये

"एकादशी, दुप्पट खाशी" ही म्हण ज्याने केली, त्याने उपवासातली पहिली चूक बरोब्बर पकडली होती.

पोट बराच वेळ रिकामं राहिलं की इन्सुलिन उतरतं, चरबीच्या पेशींतून मेदाम्लं रक्तात येतात आणि स्नायूंत काही जनुकांचं काम वाढतं. त्यातलं एक पीडीके4. त्याच्यापासून बनणारं प्रथिन साखर जाळण्याच्या वाटेवरचं फाटक ओढून घेतं. म्हणजे साखर मेंदूसाठी ठेवा, स्नायूंनी चरबीवर भागवावं. आता सकाळी दहाला कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी पुढ्यात आली, वर बटाट्याचा कीस, की इन्सुलिन पुन्हा चढतं. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात 85 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकंच असतात. देवाला तो उपवास पोचत असेल, स्नायूंना नाही.

दुसरी चूक जास्त घरांत दिसते. आमच्या दोन काकू एकाच दिवशी निरंकार धरायच्या. बारीक काकू संध्याकाळपर्यंत टवटवीत, दुसरी दुपारीच डोकं धरून पलंगावर. "मन घट्ट नाही गं तुझं," असं तिला ऐकवलं जायचं. मनाचा इथे फारसा संबंध नाही. बारीक शरीरात उपवासाने इन्सुलिन झरझर उतरतं, मेदाम्लं वाढतात, जनुकांच्या कामातला फरकही ठळक पडतो. पोटावर चरबी असलेल्याचं इन्सुलिन मुळातच चढं असतं आणि मेदाम्लंही अनेकदा आधीपासून जास्त. त्यामुळे उपवासाने त्यात पडणारी भर तुलनेने कमी, इंधन बदलणं संथ. कोठार भरलेलं, पण कुलूप गंजलेलं. अशांनी एकदम निरंकार न धरता आधी रात्रीचं जेवण लवकर उरकावं.

पण "बारीक" कोणाला म्हणायचं? 2004 साली पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचंच उदाहरण दिलं. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. तेव्हा वजनकाट्यासोबत कंबरेला टेपही लावा.

व्हॉट्सॲपवर फिरणारं "16 तासांत पेशींची साफसफाई, जनुकं बदलतात" हे सोडून द्या. जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमींना 2016 चं नोबेल त्या साफसफाईच्या यंत्रणेवरच्या कामासाठी मिळालं खरं, पण ते मुख्यतः यीस्टवर झालं होतं. माणसासाठी तासांचं वेळापत्रक त्यातून निघत नाही. आणि उपवासाने जनुकं बदलत नाहीत, त्यांच्या कामाचा जोर कमी-जास्त होतो. जेवलात की तो पुन्हा फिरतो.

एक गफलत लॅबमध्ये होते. काही दिवस कडक उपवास किंवा भात-पोळी बंद, आणि लगेच ग्लुकोज पिऊन करायची तपासणी. फाटक अजून ओढलेलंच असतं, आकडा चढा येतो आणि घरात रडारड. त्या तपासणीआधी तीन दिवस रोज निदान 150 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, म्हणजे नेहमीसारखं जेवा.

मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निरंकार धरू नका. हात थरथरले, दरदरून घाम फुटला, तर लगेच साखरेचं पाणी प्या. उपवास मोडला तरी चालेल, पारण्याची वाट बघत बसू नका.