पर्यावरण प्रदर्शनाला जाण्याआधी घरचा ओला कचरा तोला

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका पर्यावरण प्रदर्शनातून मी कंपोस्टचा डबा आणला. 20 लिटरचा, घट्ट झाकणाचा, खाली तोटी. पंधरवडा व्हायच्या आत तो काठोकाठ भरला, तोटीतून काळं पाणी ठिबकायला लागलं आणि गॅलरीत उभं राहवेना. डब्यात काही खोट नव्हती. विकणाऱ्या बाईंनी विचारलं होतं, "रोज किती कचरा निघतो तुमच्याकडे?" मी म्हणाले, "थोडासाच." कारण मी कधी तोललाच नव्हता.

म्हणून जायच्या निदान आठवडाभर आधी घरचा ओला कचरा तोलायला घ्या. प्रवासाच्या बॅगा उचलून तोलायचा हातकाटा असेल तर उत्तम, नसेल तर शेजाऱ्यांकडून आणा. रोज रात्री पिशवी काट्याला अडकवायची, आकडा कॅलेंडरवर लिहायचा. आम्हा चौघांची सरासरी पाऊण किलो निघाली. मटार सोलले त्या दिवशी सव्वा किलो, कलिंगड कापलं त्या दिवशी दोनच्या वर. म्हणजे महिन्याला बावीस-तेवीस किलो. खत तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात, तेव्हा पहिला डबा मुरत असताना दुसरा रिकामा हवा, आणि बहुतेक घरांना तिसराही लागतो. हा हिशेब आकड्याशिवाय होत नाही. अंदाज सांगू नका. वाटीभर सालं वाटतात, ती काट्यावर पाऊण किलो भरतात.

तोलायला घेतलंच आहे तर गॅलरीही टेपने मोजा. दुपारचं ऊन कुठवर येतं आणि पाणी कुठे वाहून जातं तेही बघा.

सुका पाला आधीच जमवा. ओल्या कचऱ्यात पाणी आणि नत्र (नायट्रोजन) भरपूर, कर्ब (कार्बन) कमी, तो पाल्यातून मिळतो. पाला नसला की डब्यात हवा खेळत नाही, सगळं दबून सडतं आणि घाण वास सुटतो. सोसायटी झाडणाऱ्या मावशींना सांगून दोन पोती बाजूला ठेवून घ्या. पाल्याऐवजी वापरायच्या कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, विटा प्रदर्शनात मिळतात, पण फुकटचा पाला असताना त्यावर पैसे कशाला?

कापडी पिशव्या, रिकामे डबे, पाण्याची बाटली घ्यालच. थोडी रोकडही ठेवा, गर्दीत मोबाइलची रेंज जाते.

छतावर सौर पॅनल बसवायचा विचार असेल तर वीजबिल बरोबर न्या. त्यावर मागच्या महिन्यांचे युनिट असतात, तेवढं दाखवलं की समोरचा नेमकं बोलतो. ढोबळ मानाने 1 किलोवॉटला 100 चौरस फूट मोकळं, सावली नसलेलं छत लागतं आणि दिवसाला 4 युनिट मिळतात. 2024 पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला 2 किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला 30,000 आणि 3 किलोवॉट किंवा त्याहून जास्त क्षमतेला एकूण 78,000 रुपये अनुदान आहे. स्टॉलवर सांगितलेला भाव अनुदान धरून आहे की सोडून, हे लिहून घ्या. तोंडी नको.

आता शब्दांची फसगत. ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेली पिशवी दिसली की लगेच खूश होऊ नका. कंपोस्टेबल, म्हणजे खत होऊ शकणाऱ्या, पिशवीसाठी आयएस 17088 हे मानक आहे आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ते मागा. ते असलं तरी ती पिशवी घरच्या डब्यात टाकू नका. ते मानक मोठ्या खत प्रकल्पांतल्या उष्णतेचं आहे, साठ अंशांच्या आसपासचं. गॅलरीतला डबा तेवढा तापून राहत नाही. बांबूच्या ब्रशचा दांडा बांबूचा, केस बहुधा नायलॉनचे, ते उपटूनच दांडा खतात घाला. ‘बांबूचं कापड’ म्हणजे बहुतेक वेळा रसायनांतून काढलेलं व्हिस्कोस. सेंद्रिय सुती कपड्यावर जीओटीएस या सेंद्रिय कापडाच्या आंतरराष्ट्रीय मानकाची खूण असेल तर परवाना क्रमांक टिपून घ्या, तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. बायोएन्झाइमची, म्हणजे साली आंबवून केलेल्या सफाईच्या पाण्याची, बाटली मात्र विकत घेऊच नका. 1 भाग गूळ, 3 भाग लिंबू-संत्र्याच्या साली, 10 भाग पाणी, प्लास्टिकच्या बाटलीत थोडी जागा सोडून 3 महिने. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून गॅस जाऊ द्या, नाहीतर बाटली फुटेल.

डब्याच्या स्टॉलवर पोचलात की आधी तुमचा आकडा सांगा, मग किंमत विचारा. "रोज पाऊण किलो, गॅलरी चार बाय सहा, ऊन सकाळचं." एवढं ऐकून जो नुसता मोठा डबा पुढे करतो त्याच्याकडून घेऊ नका. जो "पाला आहे का?" असं विचारतो त्याच्याकडे थांबा. आणि हे बोलायला आकडा हवा, म्हणून पुन्हा सांगते, तोला.

जुने चार्जर, सेल न्यायचे असतील तर प्रदर्शनात ते जमा करून घेतात का हे आधी विचारा. पावती जपा. घरी आल्यावर तळाला चार बोटं पाला घाला, मगच कचरा.

तोलायचं राहूनच गेलं असेल तर त्या दिवशी डबा घेऊ नका. स्टॉलवाल्यांचा फोन नंबर घ्या, घरी या, सात दिवस तोला, मग फोन करा.