मृगाच्या आधी तुरीतला भुंगा आवरा

वर्षाची तूर, हरभरा, मूग घरात येऊन पडले आहेत आणि मृग तोंडावर आला आहे. भुंग्याचा बंदोबस्त करायचा तो या कडक उन्हातच. एकदा पावसाळी हवा सुटली की दाण्यात ओल शिरते आणि किडीची वाढ झपाट्याने होते.

कडधान्यातला भुंगा बहुतेक वेळा घरात जन्मत नाही, तो शेतातून येतो. तुरीच्या वाळत आलेल्या शेंगेवर मादी अंडी घालते, अळी दाण्यात शिरते आणि खळ्यावरून दाण्याबरोबर थेट कोठीत पोचते. म्हणून कोठी कितीही स्वच्छ असली तरी दाणा तसाच भरला तर दोन महिन्यांत भोकं दिसतात. अंड्यापासून भुंगा व्हायला उबदार हवेत साधारण महिनाच लागतो, आणि एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते.

मूठभर तूर तळहातावर घेऊन खिडकीशी बघा. दाण्याला चुन्याच्या बारीक ठिपक्यासारखं पांढरं काही चिकटलेलं असेल आणि नखाने सहज निघत नसेल, तर ते अंडं. काही दाण्यांवर सालीखाली गोल, काळपट चकती दिसते. आतला भुंगा बाहेर पडायच्या तयारीत असल्याची ती खूण. अशा वेळी भोक एकही दिसत नसलं तरी माल लागलेला समजा. तांदूळ, गहू, ज्वारीत पुढे सोंड असलेला काळपट किडा दिसला तर तो सोंडा. गव्हाखाली पिठासारखा भुसा साचत असेल तर बहुधा दाणे पोखरणारा छोटा, नळीसारखा भुंगेरा. पिठात, रव्यात फिरतो तो तांबडा भुंगेरा, आणि त्याने पिठाला घाण वास येतो. हळद, धने, मिरचीतले पोरकिडे आणखी वेगळे.

अंगणात नुसतं ऊन दाखवून पूर्ण काम होत नाही. मोठे भुंगे ऊन लागताच सावलीला पळतात, दाण्यातली अळी मात्र आत सुरक्षित राहते. त्यापेक्षा जमिनीवर जाड गोणपाट टाका, त्यावर तुरीचा दोन-तीन सेंटिमीटरचाच थर पसरा, वर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद अंथरा आणि चारही कडा दगड-मातीने दाबा. स्वच्छ उन्हात आतलं तापमान 50 अंशांच्या वर जातं आणि दाण्यातली अळीही मरते. सकाळी दहा ते चार असं सलग दोन-तीन दिवस करा. त्याआधी दाणा उघड्यावर खडखडीत वाळलेला हवा, दाताखाली धरला तर कट्ट आवाज आला पाहिजे. कडधान्यात ओल दहा टक्क्यांच्या आत, गहू-ज्वारीत बारा टक्क्यांच्या आत असावी. गरम दाणा लगेच कोठीत भरू नका. आत घाम धरतो आणि बुरशी येते. रात्रभर घरात पसरून गार होऊ द्या.

खाण्याच्या तुरीला किलोमागे 5 मिलि गोडंतेल नीट चोळा, म्हणजे नवी अंडी जगत नाहीत. जमेल तेवढ्या तुरीची डाळ करून ठेवणं सगळ्यात चांगलं, कारण हा भुंगा अख्ख्या दाण्यावर वाढतो, भरडलेल्या डाळीवर त्याचं फारसं चालत नाही. कोठी घट्ट झाकणाची घ्या आणि काठोकाठ भरा. आत हवा जितकी कमी, तितके किडे लवकर गुदमरतात. जुन्या धान्यात नवं कधीही ओतू नका. जुनी पोती उलटी करून झटका, उकळत्या पाण्यातून काढा, वाळवा. भिंतीतल्या भेगा बुजवा. रिकाम्या खोलीच्या भिंतींवर मॅलाथिऑन 50 टक्के प्रवाही हे कीटकनाशक, लिटरभर पाण्याला 10 मिलि या प्रमाणात फवारता येतं, पण ते धान्यावर मारायचं नाही.

धान्यातली कीड मारायच्या सेल्फॉसच्या गोळ्या घरात अजिबात नकोत. त्यातून निघणाऱ्या फॉस्फिन वायूवर उतारा नाही, आणि बंद घरात झोपलेल्या माणसांचे जीव त्याने गेले आहेत. या गोळ्या वापरायची परवानगी प्रशिक्षित लोकांनाच आहे. कोणी शेजारी ‘दोनच टाक’ म्हणाला तरी ऐकू नका. धान्यात बोरिक पावडर आणि पाऱ्याच्या गोळ्या घालणंही थांबवा. हे आपल्या मुलांच्या पोटात जाणारं अन्न आहे.

बियाण्याचं मात्र वेगळं बघा. त्याला तेलाऐवजी निंबोळीची भुकटी, शंभर किलोला एक-दोन किलो, लावा आणि ते खाण्याच्या धान्यापासून लांब ठेवा. पेरणीच्या आधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण मोजा. तूर, मूग, उडदाचे 75 पेक्षा कमी उगवले तर बियाणं बदला. भोक पडलेला दाणा निवडून काढाच, कारण त्यातला अंकुर अळीने अनेकदा खाल्लेला असतो.

पावसाळाभर दर पंधरवड्याला कोठीत हात घाला. धान्य आतून गरम लागलं की कीड वाढते आहे. उघडीप मिळताच तोच माल बाहेर काढा, चाळा आणि पुन्हा प्लॅस्टिकखाली तापवा. चाळणीखालचा कचरा उकिरड्यावर न टाकता जाळा, नाहीतर कोंबड्यांना घाला.