जुनी एकेरी पॉइंट टू-टू आणि नेमबाजीचे पहिले धडे

नेमबाजी शिकू पाहणाऱ्याच्या हाती सुरुवातीला जुनी, एका वेळी एकच काडतूस घेणारी पॉइंट टू-टू, म्हणजे .22 इंच मापाच्या बारीक नळीची, रायफल द्यावी, असे माझे ठाम मत आहे. एनसीसीमुळे आणि 1937 साली स्थापन झालेल्या भोसला सैनिकी शाळेमुळे नाशिकला ही रायफल अपरिचित नाही. 50 मीटर रायफल या ऑलिंपिक प्रकारातही दर वेळी एकच काडतूस हाताने भरावे लागते, आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याच प्रकारात कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकलेला आहे. तेव्हा एकेरी रायफल म्हणजे मागासलेली रायफल, हा समज आधी सोडावा. बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा, उघडणे, रिकामे कवच काढणे, नवे काडतूस बसवणे यात जो वेळ जातो, त्यातच मागची गोळी का चुकली याचा विचार होतो.

1959 च्या शस्त्र कायद्यानुसार या रायफलीला परवाना लागतो, आणि सराव मान्यताप्राप्त रेंजवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच करावा. शेताच्या बांधावर डबा ठेवून नेम धरण्याचा मोह कोणी धरू नये, कारण ही हलकी वाटणारी गोळी दीड किलोमीटरपेक्षाही लांब जाऊ शकते.

जुनी रायफल हाती आली की ती रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढावा आणि नळीतून उजेडाकडे पाहावे. आत काळसर कडे दिसले, तर नळी तेथे फुगलेली असण्याची शक्यता असते. नळीचे तोंड झिजलेले नाही ना, तेही तपासावे. वर्षानुवर्षे पुढून गज घालून साफ केलेल्या रायफली बहुधा तेथेच बिघडतात. या रायफलीच्या रिमफायर काडतुसात पेट घेणारे द्रव्य बुडाच्या कडेत असते, त्यामुळे पिन त्या कडेवर आपटते, आणि काडतूस न भरता वारंवार ट्रिगर दाबला, तर अनेक जुन्या रायफलींत तीच पिन चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीच्या, काठावर आदळून तेथे खळगा पाडते. मग कवच अडकू लागते. म्हणून कोरड्या, म्हणजे काडतुसाविना करायच्या, सरावासाठी चेंबरमध्ये वापरलेले रिकामे कवच घालावे आणि ते अधूनमधून थोडे फिरवावे.

सराव 25 मीटरवर, पालथे झोपून आणि वाळूच्या पिशवीच्या आधाराने सुरू करावा. रायफल पिशवीवर नळीने नव्हे, तर पुढच्या लाकडाने टेकवावी. डोळे मिटून दोन श्वास घ्यावेत आणि उघडून पाहावे. नेम बाजूला सरकलेला असेल, तर हातांनी रायफल न ढकलता सारे शरीरच थोडे वळवावे. फोरसाइटचे (नळीच्या पुढच्या टोकावरच्या माशीचे) टोक बॅकसाइटच्या (डोळ्याजवळच्या साइटच्या) खाचेत मधोमध आणि वरच्या कडेशी समपातळीत दिसले पाहिजे. नजर फोरसाइटवरच ठेवावी. टार्गेट धूसर दिसते म्हणून नवशिके अस्वस्थ होतात, पण ते धूसरच दिसायला हवे. श्वास अर्धा सोडून क्षणभर थांबावे आणि ट्रिगर इतका सावकाश दाबावा, की गोळी नेमकी केव्हा सुटेल हे आपल्यालाही कळू नये. काही सेकंदांत ती सुटली नाही, तर बोट बाहेर काढून पुन्हा श्वास घ्यावा. हट्टाने झाडलेली गोळी वाया जाते. गोळी नळीबाहेर पडेपर्यंत रायफल हलू नये, म्हणून आवाजानंतरही नेम क्षणभर तसाच धरून ठेवावा.

त्यानंतर लगेच टार्गेटकडे न बघता, गोळी कुठे लागली असेल हे आधी सांगावे आणि मग पाहावे. माझ्या दृष्टीने सगळ्या शिक्षणात ही सवय सर्वांत मोलाची आहे. अंदाज आणि छिद्र जुळू लागले, की पाच गोळ्यांचे ग्रुपिंग, म्हणजे टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका, आपोआप आवळत जाते. ग्रुप घट्ट होईपर्यंत साइटला हात लावू नये; तो घट्ट असूनही डावीकडे पडत असेल, तर बॅकसाइट उजवीकडे सरकवावी, कारण गोळी जिकडे न्यायची तिकडेच बॅकसाइट न्यायची असते.

काडतूस फुसके निघाले, तर नळी टार्गेटकडेच ठेवून निदान 30 सेकंद थांबावे, मगच बोल्ट उघडावा.

नाशिकच्या पावसाळ्यात या रायफलीला खरा धोका गंजाचा असतो. नळी मागच्या बाजूने, चिंधी लावलेल्या गजाने पुसावी आणि वरून तेलाचा पातळ हात फिरवावा. कापडी किंवा चामडी खोळ ओल धरते, म्हणून रायफल खोळीतून काढून, कुलूपबंद आणि कोरड्या कपाटात ठेवावी. काडतुसे वेगळी ठेवावीत. पुन्हा रेंजवर गेल्यावर नळीतले तेल आधी कोरड्या चिंधीने काढावे आणि साफ केलेल्या नळीच्या पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे गेल्या, तरी त्यांवरून साइट बदलू नये.