एसच्या आधीची ती खूण कुठं द्यायची आणि कुठं नाही

कोल्हापुरात चप्पल लाईनला एक चक्कर मारा आणि फक्त इंग्रजी बोर्ड वाचत चला, एखादा तरी 'चप्पल'स' दिसणारच, एसच्या आधी उगाच अपॉस्ट्रॉफीची खूण (') टाकलेला. रंगवणाऱ्याची त्यात काही चूक नसते, त्याला कागदावर जे लिहून देतात तेच तो रंगवतो. मी फ्लेक्स, पत्रिका, नेमप्लेटचं डीटीपी करतो त्यामुळं हे रोज बघतो, आणि पितळेवर एकदा कोरून झालं की खोडता येत नाही म्हणून कळकळीनं सांगतोय.

इंग्रजी ग्रामर बाजूला ठेवा, आधी मराठीत बोलून बघा. चा, ची, चे येतंय का? 'दुकानदाराचा गल्ला' म्हणजे शॉपकीपर'स, खूण पाहिजे. नुसत्या खूप चपला असतील तर चप्पल्स, खूण नाही. सीडीज, टीव्हीज, १९९०ज, यातपण नाही, तिथं फक्त अनेकवचन आहे.

आता खूण एसच्या आधी का नंतर? मालक कोण ते पूर्ण लिहा आणि मगच खूण द्या. मुलगी एकच असेल तर गर्ल, पुढं खूण, मग एस. मुली जास्त असतील तर गर्ल्स आधीच लिहून झालं, त्यामुळं खूण शेवटी. चिल्ड्रन, मेन ही मुळातच अनेकवचनं, एस नसलेली, म्हणून चिल्ड्रन'स पार्क, मेन'स वेअर.

सगळ्यात जास्त घोळ नेमप्लेटचा. दारावर 'पाटील'स' कोरतात, त्याचा अर्थ होतो एका पाटलाचं काहीतरी, आणि काय ते लिहिलेलंच नाही. घरात सगळे पाटील राहतात एवढंच सांगायचं असेल तर 'द पाटील्स', खूण नको. आडनाव एसनं संपत असेल, समजा जोन्स, तर ई-एस लावून जोन्सेस.

चा-ची-चेची युक्ती फसते ती 'इट्स'सारख्या सर्वनामांत. 'त्याचं' म्हणायचं असेल तर खूण नाही, जशी हिज, हर्स, युअर्सला नाही तशीच. खूण असलेलं इट'स म्हणजे इट इज नाहीतर इट हॅज. ही खूण मुळात अक्षर गळल्याची निशाणी, इट इजमधला आय गळला तिथं ती बसली. मालकीच्या खुणेचंपण तेच, जुन्या इंग्रजीत कितीतरी शब्दांना चा-ची-चेसाठी ई-एस लागायचं, त्यातला ई गेला. म्हणून वाक्यात 'आहे' घालून बघा, बसलं तर खूण द्या. हूज आणि हू'जलापण हीच परीक्षा, 'कोणाचं' असेल तर खूण नाही.

अनेकवचनात काही शब्द तसेच पाठ करावे लागतात. फर्निचर, लगेज, इन्फर्मेशन, अ‍ॅडव्हाइस यांना एस लावूच नका. 'वन ऑफ माय फ्रेंड' लई जण लिहितात, पण मराठीत आपण 'माझ्या मित्रांपैकी एक' म्हणतो, मित्रापैकी नाही, म्हणून फ्रेंड्स. पत्रिकेत दोन मेहुणे असतील तर ब्रदर्स-इन-लॉ, एस ब्रदरला लागतो, लॉला नाही. टोमॅटो, पोटॅटो, हिरोला ई-एस. फोटोला नुसता एस, कारण तो फोटोग्राफ तोडून झालेला शब्द आहे.

आणि 'गर्ल्स हायस्कूल'सारख्या नावात खूण नसली तर ते नाव तसंच छापा, संस्थेनं ठरवलेलं स्पेलिंग आपण बदलायचं नाही.