पहाटेच्या शेकोटीचा फोटो मोबाईलवर कसा उजळायचा

निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर उतरला की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. गारठ्याने मणी तडकतात, म्हणून पालापाचोळा आणि छाटणीच्या काड्या पेटवून बागेत धूर करायचा, ठिबकचं पाणी सोडायचं. गेल्या जानेवारीत पावणेसातला, सूर्य उगवायच्या आधी, मी आमच्या आबांचा फोटो काढला. आबा म्हणजे माझे सासरे. कानटोपी घातलेली, खांद्यावर घोंगडी, दोन्ही हात जाळावर धरलेले. समोर उभं राहिलं की त्यांच्या गालावरचा तांबूस उजेड स्वच्छ दिसत होता. फोनमध्ये मात्र धुकं राखाडी, चेहरा काळवंडलेला आणि सगळ्यावर निळी झाक.

असं होतं, कारण कॅमेरा समोरच्या सगळ्या उजेडाची सरासरी काढून तिला मध्यम करड्यावर आणतो. पांढरं धुकं आणि जाळ बघून त्याला उजेड फार वाटतो, आणि तो सगळा फोटोच गडद करतो. सूर्योदयाआधीचा उजेड नुसत्या आभाळाचा असतो, म्हणून ती निळी झाक.

मी स्नॅपसीड हे फोटो सुधारायचं ॲप वापरते, ते फुकट आहे. पण ॲप उघडायच्या आधी फोनचा नाइट मोड, म्हणजे स्क्रीन पिवळी करणारी सोय, बंद करा. ती चालू राहिली तर तुम्ही पिवळ्या काचेतून रंग ठरवता आणि फोटो निळा होऊन बसतो. स्क्रीनचा ब्राइटनेस निम्म्यावर ठेवा, ऑटो काढून टाका.

ॲपमध्ये आधी ट्यून इमेज ही सोय उघडा. हायलाइट्स, म्हणजे फोटोतले उजळ भाग, उणे ३०, म्हणजे जाळाभोवतीचा धूर दिसायला लागतो. मग शॅडोज, म्हणजे गडद भाग, अधिक २५. ब्राइटनेसला सगळ्यात शेवटी हात लावायचा, तोही दहाच्या आत. शॅडोज वाढवताना फोटो बोटांनी मोठा करून एकच जागा बघत राहा. मी आबांच्या कानटोपीची कड बघते. पंचविसापर्यंत लोकरीची वीण दिसते. चाळिसाच्या पुढे गेलं की तिथे लाल-हिरवे दाणे उठतात. दाणे दिसले की मागे या. अंधारात कॅमेऱ्याने जे टिपलंच नाही, ते ओढून निघत नाही.

आता व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांची निळी-पिवळी झाक सावरणारी सोय. पांढऱ्या वस्तूवर ड्रॉपर, म्हणजे त्यातलं रंग उचलणारं चिन्ह, ठेवा, असं बरेच जण सांगतात. इथे ते करू नका. आबांचा सदरा पांढरा असला तरी त्यावर जाळाचा केशरी उजेड आहे. ड्रॉपर तो केशरी रंग मारायला जातो आणि बाग आणखी निळी होते. टेंपरेचर हातानेच, आठ-दहा वाढवा. थोडी निळाई राहू द्या. तीच तर थंडी आहे. ती पुसली की फोटो मे महिन्यातला वाटतो.

खरं काम सिलेक्टिव्हचं, म्हणजे फोटोचा नेमका एकच भाग बदलणाऱ्या सोयीचं. गालावर एक ठिपका ठेवा, दोन बोटांनी त्याचं वर्तुळ लहान करत आणा. बोटं टेकलेली असताना जेवढा भाग लाल दिसतो, तेवढाच बदलणार असतो. ती लाली कानटोपीच्या बाहेर सांडत नाही इतकं वर्तुळ ठेवून मी ब्राइटनेस ३० केला. दुसरा ठिपका हातांवर, १५. तेवढ्याने आबांच्या कपाळावरच्या आठ्या आणि बोटांची पेरं दिसायला लागली, आणि मागची वेलींची ओळ धुक्यात होती तशी राहिली. सगळा फोटो उजळण्यापेक्षा माणूस उजळा, एवढंच मला कळकळीने सांगायचं आहे.

डिटेल्समधलं स्ट्रक्चर, म्हणजे बारीक पोत ठळक करणारी सोय, शून्यावरच ठेवा, ते धुराला मळकट करतं.

जाळाच्या मधोमध पांढरा डाग पडला असेल, तर तो कुठल्याच सोयीने भरून येत नाही. त्यासाठी फोटो काढतानाच जाळाजवळच्या धुरावर बोट टेकवा आणि स्क्रीनवर शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह किंचित खाली ओढा.

पुण्याच्या नणंदेला फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला, म्हणजे त्याचा दर्जा उतरत नाही. प्रिंट मात्र पहिल्यांदा काळपट आली. स्क्रीन स्वतः उजेड देते, कागद देत नाही. स्नॅपसीडच्या व्ह्यू एडिट्समध्ये, म्हणजे केलेल्या बदलांच्या यादीत जाऊन ब्राइटनेस आणखी दहाने चढवला, प्रिंटसाठी वेगळी प्रत ठेवली आणि मॅट कागदावर पुन्हा काढून घेतली. ती आता देवघराशेजारच्या भिंतीवर आहे.