इंदुरात मुलाला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेण्याआधी

सगळ्यात आधी मुलाला खरं सांगा. "मावशीकडे जाऊ" म्हणून निघालेलं आणि एम.वाय.च्या (महाराजा यशवंतराव या सरकारी रुग्णालयाच्या) ओपीडीत नेऊन बसवलेलं मूल डॉक्टरांसमोर तोंड उघडत नाही, आणि त्याचं काही चुकत नाही. आदल्या दिवशी निवांत वेळ पाहून सांगा की तुला रात्रीची झोप लागत नाही, शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतं, यातलं ज्यांना कळतं अशा डॉक्टरांना भेटायचंय, आणि त्यांना तुझ्याशी बोलायचंय. सरकारी मानसिक रुग्णालय बाणगंगेत असल्यामुळे आपल्या शहरात "बाणगंगा" हा शब्दच चिडवायला वापरतात. तो घरात कुणी उच्चारायचा नाही, हे आजी-आजोबांनाही स्पष्ट सांगून ठेवा.

मग एक वही घ्या. तिच्यात "हट्टी झालाय", "आळशी झालाय" असं लिहू नका, कारण त्यातून डॉक्टरांना काहीच हाती लागत नाही. डोळ्यांनी दिसतं ते लिहा: दिवाळीनंतर क्रिकेटला जाणं बंद झालं, रात्री दोनपर्यंत जागा असतो, डबा तसाच परत येतो, आंघोळीसाठी रोज भांडण होतं. जमल्यास दोन आठवड्यांच्या झोपण्या-उठण्याच्या वेळा टिपा. हे कधी सुरू झालं आणि त्याच सुमारास घरात काय घडलं (शाळा बदलली, आजोबा गेले, आई-बाबांचे वाद वाढले) तेही लिहा, लपवू नका. घराण्यात कुणाला नैराश्य, फिट्स, दारूचं व्यसन असेल, कुणी आत्महत्या केली असेल, तर तेही. मुलीच्या पाळीच्या तारखा लिहा. आणि मुलाला अजूनही काय आवडतं ते नक्की लिहा. डॉक्टर बोलणं बहुतेक वेळा तिथूनच सुरू करतात.

लहान मुलासाठी जन्माची माहिती लागते: दिवस पूर्ण भरले होते का, वजन किती होतं, लगेच रडलं का, चालायला-बोलायला केव्हा लागलं. लसीकरणाचं कार्ड शोधून ठेवा. डोळे आणि कान तपासलेले नसतील तर आधी तपासून घ्या, कारण ऐकू कमी येणारं मूलही वर्गात "लक्ष नसलेलं" ठरतं. जुने रिपोर्ट न्या, चालू औषधांच्या पट्ट्या न्या, होमिओपॅथीच्या आणि वैद्यांच्या पुड्यासुद्धा. शाळेच्या प्रगतिपुस्तकाबरोबर यंदाची आणि दोन वर्षांपूर्वीची अशा दोन वह्या घ्या. अक्षरातला बदल पुष्कळ सांगून जातो. आधार आणि समग्र आयडीची (मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-ओळखक्रमांकाची) झेरॉक्स, पाणी, खाऊ. रांग मोठी असते.

सोबत कोण येणार हेही ठरवा. आई-बाबा दोघं आले तर उत्तम, पण सगळा गोतावळा नको. आपली मुलं घरी मराठी बोलतात आणि मित्रांशी हिंदी. मनातलं ती ज्या भाषेत बोलतील त्यात बोलू द्या, मध्ये पडून वाक्य पुरं करू नका. डॉक्टर तुम्हाला थोडा वेळ बाहेर बसा म्हणाले तर बाहेर बसा. नंतर "काय बोललास?" म्हणून उलटतपासणी घेऊ नका.

मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, औषध ते देतात. बुद्ध्यांक, अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणित शिकण्यातली अडचण) अशा चाचण्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञ घेतात आणि त्यांची वेळ वेगळी घ्यावी लागते. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. अध्ययन अक्षमता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात येते, त्यामुळे परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर प्रमाणपत्राचं पहिल्याच भेटीत विचारा. औषध दिलं तर ते कशासाठी, गुण यायला किती आठवडे, कोणता त्रास झाला तर फोन करायचा, हे लिहून घ्या. नैराश्यावरच्या औषधांना काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून, किंवा बरं वाटतंय म्हणून, आपल्या मनाने थांबवू नका.

भरती करायची वेळ आली तर 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा माहीत असू द्या. अठरा वर्षांखालच्या मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि भरतीच्या पूर्ण काळात पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती सोबत राहते. भंवरकुआँच्या होस्टेलवर राहणारा मुलगा अठरा पूर्ण असेल तर सहसा संमती त्याची स्वतःची लागते, तुमची नाही.

मूल मरणाबद्दल बोलत असेल, अंगावर कापल्याच्या खुणा असतील, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्याच दिवशी एम.वाय.च्या तातडीच्या विभागात न्या. तोवर त्याला एकटं सोडू नका. गोळ्या, फिनाइल, उंदराचं औषध कुलपात ठेवा. "असं काही करावंसं वाटतं का?" हे सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, रात्रीही चालतो आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं. कुणी मुलाला मारत असेल किंवा त्याच्याशी गैरवर्तन करत असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन 1098. हे दोन्ही नंबर मुलाच्याही फोनमध्ये सेव्ह करून द्या.