गरब्याच्या आधी मेकअपचे ब्रश घेताय? मग हे वाचा

बडोद्यात नवरात्र जवळ आली की मंगळबाजारात बारा-पंधरा ब्रशचे सेट लटकलेले दिसतात, पण नवीन असाल तर सेट घेऊच नका, त्यातले अर्धे वापरलेच जात नाहीत. चार पुरे: फाउंडेशनचा, पावडरचा मोठा मऊ, आयशॅडोचा फ्लफी, म्हणजे फुललेल्या मऊ केसांचा, आणि भुवयांसाठी तिरका.

केस सिंथेटिकच घ्या, क्रीम-लिक्विड शोषत नाहीत आणि धुवायलाही सोपे. दुकानातच ब्रश गालावर फिरवून बघा, टोचला तर नको, केस हलकेच ओढा, दोन-तीन हातात आले तर सरळ परत ठेवा.

आता धुणं, हे खरंच मनावर घ्या गं! गरब्यात घाम केवढा येतो, तोच ब्रश रोज तोंडावर फिरवला तर पुरळ येणारच. फाउंडेशनचा आठवड्यातून एकदा तरी धुवायचा, कोमट पाणी, थोडा बेबी शॅम्पू, तळहातावर गोल गोल फिरवायचा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. केस खालच्या बाजूला ठेवा, धातूच्या पट्टीत पाणी गेलं की आतला गोंद सुटतो. वाळवताना उभा नाही, आडवा, टॉवेलवर, केसांचं टोक कडेबाहेर ठेवून. हेअर ड्रायर नको.

आणि डोळ्यांचा ब्रश मैत्रिणीलासुद्धा देऊ नका, इन्फेक्शन पसरतं.